सात सेकंदांची फळी

सेइजुन नवव्यांदा फळीवरून घसरली तेव्हा कुसाकाबे मास्तरांनी हातातल्या घड्याळाकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला.

"सव्वादोन सेकंद. सेइजुन-सान, फळीवरून जायचं असतं. फळीला नुसतं शिवून यायचं नसतं."

"माफ करा," सेइजुन म्हणाली. आडव्या पडलेल्या गाडीशेजारी उभं राहून तिनं कमरेतून वाकून मास्तरांना नमस्कार केला आणि मग गाडीलाही केला.

"गाडीची माफी नंतर मागा. आधी तिला उचला."

फळी म्हणायची ती आपली सवयीनं. होती लोखंडी, सव्वा वीत रुंद, पंधरा मीटर लांब आणि जमिनीपासून तीन बोटं उंच. तीन बोटांवरून पडून कोणी मेलेलं नाही. पण आमच्याकडे मोटरसायकलच्या परवान्यासाठी जो जो उभा राहतो त्याला ही फळी स्वप्नात येऊन छळते. कारण ती जोरात पार करून चालत नाही. कमीत कमी सात सेकंद लावायचे. सातच्या आत गेलात तर गुण कापतात, आणि चाक खाली उतरलं तर परीक्षा तिथंच संपली. जोरात काय, कोणीही जातं, असं मास्तर पहिल्या दिवशीच म्हणाले होते. सावकाश जाता यावं म्हणून ही शाळा.

सेइजुननं गाडी उचलली. एवढं मात्र तिला एव्हाना येत होतं. हँडल पूर्ण वळवायचं, पुढचा ब्रेक धरायचा, गुडघे वाकवून छाती गाडीला चिकटवायची आणि वर न ओढता अंगानं पुढं ढकलायचं. गाडी दोनशे किलोची, ती स्वतः चव्वेचाळीस किलोची. पहिल्या दिवशी ते धूड तिच्या छातीला लागून हळूहळू उभं राहिलं तेव्हा ती इतकी चकित झाली की स्टँड लावायचं विसरली, आणि ते दुसऱ्या बाजूला आडवं झालं.

सेइजुन भिक्षुणी होती. वय चौतीस, डोकं गुळगुळीत, आणि उंची अशी की गाडीमागे उभी राहिली तर लांबून नुसतं हेल्मेट दिसावं. यामागाताच्या डोंगरात, तोचिसावाच्या खोऱ्यात, तिच्या मंदिराशी जोडलेली त्रेचाळीस घरं होती. दरवर्षी ऑगस्टात ओबोनला, म्हणजे गेलेली माणसं चार दिवसांसाठी आपापल्या घरी परततात तेव्हा, मंदिरातून कोणीतरी घरोघर जाऊन सूत्र म्हणायचं असतं. पन्नास वर्षं हे काम दोएत्सु गुरुजींनी केलं. काळा झगा कमरेला खोचून, आपल्या जुन्या अडीचशे सीसीच्या गाडीवरून. पन्नास वर्षांत गाडीवरून एकदाही न पडलेला हा माणूस यंदा एप्रिलमध्ये मंदिराच्या पायऱ्यांवरून पडला आणि मांडीचं हाड मोडून बसला. मागे उरली एकुलती शिष्या. तिला मंदिराचा छोटा ट्रक चालवता यायचा, पण वरच्या अकरा घरांची वाट ट्रकच्या रुंदीची नव्हती, आणि पायी जायचं तर एकेका घराला अर्धा दिवस.

सगळ्यात वरचं घर तोमे आजींचं. आजी एक्याण्णव वर्षांच्या. त्यांचे यजमान कान्जि-सान फेब्रुवारीत गेले, तेव्हा त्यांचं हे पहिलं ओबोन. पहिल्यांदा परतणाऱ्याला वाट नीट ठाऊक नसते म्हणतात. म्हणून तेरा तारखेच्या संध्याकाळी दारात आग पेटलेली हवी आणि सूत्र म्हणणारं कोणीतरी तिथं हवं. पलीकडच्या खोऱ्यातल्या मंदिराच्या तरुण पुजाऱ्यानं मोठ्या मनानं सुचवलं होतं की यंदा फोनवरून म्हणू. त्यावर तोमे आजींचा निरोप आला: "ह्यांना जिवंतपणीसुद्धा फोनवर ऐकू यायचं नाही. तुम्ही या." सेइजुननं येते म्हणून शब्द दिला. परीक्षा आठ ऑगस्टला होती. त्यात नापास झाली तर पुढची परीक्षा ओबोनची सुट्टी संपल्यावर, आणि तोवर कान्जि-सान येऊन परत गेलेले असणार.

मास्तरांना हे सगळं ठाऊक होतं, पण त्यामुळे त्यांनी एक अक्षर मऊ केलं नव्हतं. साठी उलटलेले, पोलिसांत तीस वर्षं पांढऱ्या मोटरसायकलवर काढलेले गृहस्थ. दुसऱ्याच दिवशी मैदानाच्या कोपऱ्यातल्या वळणावर, जिथं प्रवाशांना सांभाळणाऱ्या जिझोची दगडी मूर्ती लाल कापड बांधून बसवलेली आहे, तिथून जाताना सेइजुननं हँडल सोडून दोन्ही हात जोडले होते. गाडी सरळ झुडपात गेली. मास्तर धावत आले, तिला काही लागलं नाही हे बघितलं आणि मग सुरू झाले.

"दारू पिऊन हँडल सोडणारे पाहिले. फोनवर भांडताना सोडणारे पाहिले. देवाला नमस्कार करता करता देवाकडेच निघालेल्या तुम्ही पहिल्या."

"चुकलं, मास्तर. हात आपोआप जुळले."

"आपोआप होतं, त्याचीच गाडीवर भीती. नमस्कार करायचा तर थांबा, पाय टेका, इंजिन बंद करा, मग संध्याकाळपर्यंत करा. जिझो कुठं पळून चाललाय?"

तर नवव्या वेळी गाडी उचलून झाल्यावर सेइजुन पाणी प्यायला नळाकडे गेली, आणि मास्तर तिच्या चालण्याकडे बघत राहिले. पाठ ताठ, पाऊल मोजून टाकलेलं. ती परत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही चालताना कुठं बघता?"

"खाली. दोन हात पुढं, जमिनीवर."

"आणि फळीवर?"

सेइजुननं फळीकडे बघितलं. मग म्हणाली, "तिथंही तेच असणार."

"कोणी शिकवलं हे?"

"गुरुजींनी. बारा वर्षं झाली. बसताना, चालताना, जेवताना. नजर खाली."

मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "गाडी डोळ्यांच्या मागे जाते, सेइजुन-सान. तुम्ही खड्डा बघितला की ती खड्ड्यात जाणार. पुढच्या चाकाजवळ बघितलं की ती तिथंच लोळण घेणार. बारा वर्षांचं खोडायचंय, आणि तुमच्याकडे तास उरलेत आठ. नजर वर करा. बाकीचं मग बघू."

सेइजुन त्या दिवशी फार उदास होऊन परतली. पडण्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण गुरुजींनी दिलेली एकच गोष्ट तिला खरोखर साधली आहे अशी तिची समजूत होती, आणि नेमकी तीच टाकून दे असं कोणीतरी सांगत होतं. संध्याकाळी गुरुजींना भाताची पेज भरवताना तिनं ते बोलून टाकलं.

"किती वेळा पडलीस?" गुरुजींनी विचारलं.

"नऊ."

"मी चौदा. आमचे मास्तर बांबू घेऊन उभे असायचे." गुरुजी हसायला लागले, मग मांडीत कळ आली म्हणून थांबले. "अगं, भिंतीसमोर बसतेस तेव्हा नजर खाली. भिंत काही अंगावर चालून येत नाही. रस्त्यावर भिंत नजरेच्या दोन हातांत यायची वाट बघत बसलीस, तर तुझ्याच नावानं सूत्र म्हणावं लागेल. आणि मला तर उठताही येत नाही."

"पण तुम्हीच सांगितलंत ना, गुरुजी."

"तू इथं आलीस तेव्हा एका श्वासात दहा ठिकाणी बघायचीस. नजर एका जागी ठेव, एवढंच माझं सांगणं होतं. आता ती जागा उचल आणि लांब ने. पेज गार झाली बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी तिला गाडीवर बसूच दिलं नाही. "आज बघा," म्हणाले आणि घड्याळ तिच्या हाती दिलं. त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला, हातमोजे चढवले, मागं कोणीही नसताना उजव्या खांद्यावरून मागं वळून बघितलं आणि निघाले. पुढचं चाक फळीवर चढलं, मागचं चढलं, आणि गाडी थांबली.

निदान सेइजुनला तसं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं की ती थांबलेली नाही. चाकाच्या रबरावरची एक खाच अगदी सावकाश, भिंतीवरची सावली सरकावी तशी, खाली येत होती. इंजिनाचा आवाज एका सुरात चालू होता. मास्तरांचे गुडघे टाकीला घट्ट चिकटलेले, खांदे मात्र झोपेतल्या माणसासारखे सैल. डाव्या हाताची बोटं क्लच केसभर सोडत होती, केसभर ओढत होती. उजवा पाय मागच्या ब्रेकवर नुसता ठेवलेला. हँडल जरासं इकडे, जरासं तिकडे. दोनशे किलो लोखंड आणि वर एक म्हातारा माणूस, सव्वा वीत रुंदीवर, कशाच्याही आधाराशिवाय उभे होते. आणि मास्तर एकदाही खाली बघत नव्हते. ते बघत होते कुंपणाच्या जाळीपलीकडे, कुठंतरी फार लांब.

स्लॅलमचा, म्हणजे खांबांमधून नागमोडी जाण्याचा, सराव करणारी दोन पोरं गाड्या थांबवून बघत राहिली. सेइजुनला आपल्या मानेच्या मागं काटा आल्याचं जाणवलं. बारा वर्षं पहाटे उठून ती भिंतीसमोर बसली होती. पडू न देणं आणि धरूनही न ठेवणं, हे एकदा तरी घडावं म्हणून. ते हा चिडका माणूस इंजिनावर बसून सगळ्यांच्या देखत करत होता. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायचं भानही तिला राहिलं नाही.

मागचं चाक फळीवरून उतरलं तेव्हा तिनं हातातल्या घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट अठरा सेकंद.

ती कमरेतून वाकली ती बराच वेळ सरळ झालीच नाही.

"पुरे," मास्तर म्हणाले. "माझी पाठ दुखतेय. घड्याळ इकडे द्या आणि चढा गाडीवर. समोर काय दिसतं?"

"जाळी."

"जाळीच्या पुढं?"

"भाताची शेतं."

"त्याच्या पुढं?"

"गास्सानचा डोंगर. बर्फाचा एक पट्टा उरलाय वर."

"तिथं जायचंय. फळी वाटेत लागेल, तिची काळजी तुमचे गुडघे घेतील."

सेइजुन निघाली. चाक फळीवर चढल्याचा हलका धक्का बसला आणि नजर खाली ओढली जाऊ लागली. सवय ती, बारा वर्षांची. तिनं नजर उचलली आणि बर्फाच्या पट्ट्यावर नेऊन ठेवली. गुडघे आवळले. हात सैल सोडले. पायाखाली फळी आहे हे तिला कळत होतं, पण ती आता फार अरुंद वाटत नव्हती. शेतं, डोंगर, आभाळ, सगळं एकदम तिच्यासमोर उघडं पडलं होतं, इतकं मोठं, आणि त्याच्या मधोमध ती पडत नव्हती. पुन्हा धक्का बसला तेव्हा तिला वाटलं आपण घसरलो.

"साडेआठ," मास्तर म्हणाले. एवढंच. पण घड्याळ खिशात ठेवताना त्यांना खिसा सापडत नव्हता.

आठ तारखेला ती पास झाली. फळीवर सात सेकंद आणि नऊ दशांश. चाळीसच्या वेगावरून नऊ मीटरमध्ये गाडी थांबवली, चाक न घसरवता. नमस्कारासाठी जिझोपाशी थांबण्याची सोय परीक्षेत नसते, म्हणून तो तिनं परीक्षा झाल्यावर चालत जाऊन केला. परवाना हातात आला त्या दिवशी मास्तरांनी तिला फाटकापर्यंत सोडलं आणि तेवढ्या वाटेत सगळं पुन्हा ऐकवलं. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात शिरल्यावर ब्रेक ओढू नका. ओली पानं, वाळू, गटाराची झाकणं यांच्यावरून सरळ जा. मागून कोणी घाई करत असेल तर कडेला थांबून त्याला जाऊ द्या. "आणि ओबोनला घरोघरी दारूचा पेला पुढं येईल. एक थेंबही घ्यायचा नाही. कोण रागावेल ते रागावेल."

रागावले ते इवागोरो-सान. मंदिराच्या घरांचे प्रमुख, खोऱ्याच्या तोंडाशी राहणारे. तेरा तारखेला चार वाजता त्यांच्या घरचं सूत्र संपलं आणि त्यांनी पेला भरून पुढं केला.

"घोटभर. गुरुजी घ्यायचे."

"गुरुजी पेला ओठांना लावून खाली ठेवायचे," सेइजुन म्हणाली. "मला तेवढंही चालणार नाही. परवाना पाच दिवसांचा आहे."

"म्हणजे माझ्या बापाला पाणी पाजून परत पाठवायचं का?"

मग चहा आला, लोणचं आलं, भोपळ्याची भाजी आली, आणि इवागोरो-सानांचा रुसवा निघेपर्यंत पाच वाजून गेले. पुढच्या दोन घरीही चहा चुकला नाही. नाही कसं म्हणणार? गुरुजींच्या गाडीवरून देवदारांपासची वरची वाट धरली तेव्हा सहा वाजले होते आणि डोंगरामागं सूर्य टेकला होता. दुपारी सर येऊन गेलेली. वाट ओली, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी. आजी आग पेटवून एकट्याच उभ्या असतील, हे मनात आलं आणि सेइजुनची मूठ आपोआप वळली. गाडी उसळून पुढं गेली.

तिसऱ्या वळणावर तिला कडेला पसरलेली खडी दिसली. खडीपलीकडे काहीच नव्हतं. तिनं खडीकडे बघितलं आणि गाडी खडीकडे निघाली, अगदी मुकाट्यानं, सांगितल्यासारखी. ब्रेक ओढायला बोटं आवळली जात होती. त्या क्षणी तिनं मान वळवली, सबंध चेहरा वळवला, आणि वळण जिथं संपत होतं तिथल्या एका देवदाराच्या बुंध्याकडे बघितलं. गाडी डोळ्यांच्या मागोमाग आली. खडी मागं राहिली. आपण दरीत गेलो असतो याची भीती तिला नंतर वाटली. आधी वाटलं ते नवल, की हे एवढं मोठं यंत्र नुसत्या बघण्यानं वळतं.

त्यानंतर तिनं घाई सोडली. प्रत्येक वळण तिनं असं घेतलं की जणू पुढं फळी आहे. वाट जरा रुंद झाली तिथं थांबली, पाय टेकले, इंजिन बंद केलं. तेव्हा तिनं खाली बघितलं. सगळ्या खोऱ्यात आगी पेटल्या होत्या. एकेका दारात एक. इवागोरो-सानांच्या दारात, नदीपलीकडे, शाळेच्या वरच्या वाडीत. संधिप्रकाश अजून होता आणि धूर सरळ वर चालला होता. त्रेचाळीस घरांतले लोक आपापल्या माणसांची वाट बघत उभे होते. हे ती बारा वर्षं करत आली होती, पण मंदिराच्या अंगणातून, मान खाली घालून. हे असं दिसतं हे तिला ठाऊकच नव्हतं. तिनं हात जोडले. कितीतरी वेळ तिच्यानं तिथून हलवेना.

मग तिनं दिवा लावला, खांद्यावरून मागं बघितलं आणि निघाली.

तोमे आजी दारात होत्या. काड्यांची आग निम्मी जळून गेली होती. सेइजुन अंगणात शिरली, इंजिन बंद केलं आणि गाडीवरूनच म्हणाली, "आजी, उशीर केला. माफ करा."

"कसला उशीर?" आजी म्हणाल्या. "खाली देवदारांपाशी दिवा दिसला तेव्हापासून बघत्येय मी. जरा धावल्यासारखा झाला, मग थांबला, मग सावकाश सावकाश वर यायला लागला. म्हटलं, आले. हे असेच यायचे. बाजारात उशीर झाला की तुमचे गुरुजीच सोडायचे आणून, ह्याच गाडीवर. म्हातारपणी ह्यांना जोरात चाललेलं सोसायचं नाही."

सेइजुन स्टँड लावायला पाय सरकवत होती, तेवढ्यात आजी काठी टेकत पुढं आल्या. तिच्या बाजूनं पलीकडे गेल्या आणि मागच्या सीटपाशी थांबल्या. काठी डाव्या हातात घेतली. उजवा हात पुढं केला, कोणाच्या तरी कोपराखाली धरावा तसा.

"या," आजी म्हणाल्या. "घाई नको. आधी हात द्या. पाय जपून."

नव्या परवान्यावर वर्षभर मागं कोणाला बसवायचं नाही, असा आमच्याकडे कायदा आहे. सेइजुननं पुढचा ब्रेक दाबून धरला, दोन्ही पाय जमिनीत रोवले, आणि ते उतरेपर्यंत गाडी जराही हलू दिली नाही.